साक्षीची रेघ

१२ जानेवारी

बाबा,

हे पत्र कामाचं आहे. सोबत फॉर्म जोडला आहे. दुसऱ्या पानावर तळाशी तुमची सही हवी.

मासिकाचा छापील अंक डिसेंबरमध्ये बंद झाला. जानेवारीपासून अंक फक्त पडद्यावर निघतो. तुम्हाला हे कोणी कळवलं की नाही ठाऊक नाही, म्हणून कळवते. तुम्ही सत्तावीस वर्षांत काढलेले होड्यांचे आराखडे, एकूण ४१२ शीट, आम्ही स्कॅन केले आहेत. यापुढे ते वाचकांना फाइलच्या रूपात मिळतील. त्याला तुमची परवानगी लागते.

आम्ही म्हणजे मी. ऑगस्टपासून इथे काम करते आहे. जाहिरात आली होती, मी अर्ज केला. त्यांना छपाई आणि संगणक दोन्ही कळणारं माणूस हवं होतं. त्यात आणखी काही नाही.

ऑफिसमधली तुमची खोली आता माझी आहे. ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला आहे, त्याच्या जागी स्कॅनर आला. उथळ खणांचं कपाट तिथेच आहे. नऊ नंबरचा खण अजून अडकतो. तो जरा उचलून ओढावा लागतो हे मला इथे कोणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी उचलून ओढला.

संपादक म्हणाले होते, होडीवाले लोक शांत असतात. नसतात. पहिल्या आठवड्यात ६३ फोन आले. एक गृहस्थ नदीवर फेरीबोट चालवतात. त्यांना पान उलटता येत नव्हतं. मी म्हणाले, "पडद्यावर बोट लावा." ते म्हणाले, "बोट मघाशीच लावली, बाई. धक्क्यालाच उभी आहे. आता पुढचं सांगा." दुसऱ्या एका वाचकाने अख्खा अंक स्वतः छापून घेतला, पिना मारल्या आणि आम्हाला पोस्टाने पाठवला. सोबत चिठ्ठी: "असा पाठवत जा."

आपण दोन वर्षं तीन महिने बोललेलो नाही. फॉर्मसाठी बोलण्याची गरज नाही. पाकिटावर पत्ता लिहून तिकीट लावलं आहे.

— तुमची मुलगी


९ फेब्रुवारी

बाबा,

फॉर्म मिळाला. आभार.

पाकिटावरचं अक्षर आत्याचं आहे. सही तुमची आहे, पण ती रेघेच्या अकरा मिलिमीटर खाली आहे आणि उजवीकडे उतरत गेली आहे. तुमची सही रेघेवरून कधी उतरत नसे. घाईत केली असेल.

काम ठीक चाललं आहे. लोकांना सवय होते आहे, पण ज्याची त्याची पद्धत वेगळी. एका बाईंनी टॅब्लेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुकाणूला बांधला आहे. एक निवृत्त शिक्षक दर सोमवारी ग्रंथालयात जातात आणि अंक वहीत उतरवून घेतात. हाताने. आकृत्यांसकट. मी त्यांना म्हणाले की एका बटणावर छापता येईल. ते म्हणाले, "छापला की मी वाचत नाही. उतरवला की वाचावाच लागतो." तुम्हाला हे गृहस्थ आवडले असते.

तक्रारी बऱ्याचशा आराखड्यांबद्दल आहेत. पूर्वी अंकाच्या मधोमध घडी घातलेलं मोठं शीट असायचं. वाचक ते फळीवर पसरायचे, रेषेवरून टोकदार आरीने टोचत जायचे, टिंबं जोडून लाकूड कापायचे. कागदावरचं माप तेच होडीचं माप. आता त्यांना फाइल घेऊन मोठ्या छपाईच्या दुकानात जावं लागतं. जातात, पण कुरकुरत जातात. डिसेंबरच्या अंकातली होडी जानेवारीत पुढे चालू आहे: पुढच्या तीन फासळ्या आणि मागची फळी छापील, मधल्या चार फासळ्या डिजिटल. हा तुमचा शेवटचा संच. तुम्ही तो पुरा करून दिला होतात.

आत्याला सांगा, तिचा फोन लागत नाही.


२ मार्च

बाबा,

एक तांत्रिक प्रश्न आहे. उत्तर एका आकड्याचं आहे.

एक घड्याळजी आपले जुने वाचक आहेत. त्यांचं पत्र आलं. खरं पत्र, पोस्टाने. त्यातली चार वाक्यं देते: "माझ्या होडीला कंबर आली आहे. मधल्या चार फासळ्यांपाशी दोन्ही बाजू आत जातात आणि फळ्या बसत नाहीत. चाळीस वर्षं मी घड्याळं उघडतो आहे, त्यामुळे हात साफ आहे असं समजत होतो. चूक माझीच असणार, पण ती कुठे झाली एवढं सांगाल का?"

मी आमच्या फाइल पुन्हा तपासल्या. अचूक आहेत. संपादकांनी उत्तर लगेच द्यायला सांगितलं, ते मी दिलं: "आमच्या फाइल बरोबर आहेत. कृपया आपली मापं पुन्हा घ्यावीत." वाक्यं माझी, सही माझी.

तरीही मला खात्री करून घ्यायची आहे. पाच नंबरची फासळी, मधल्या रेषेपासून वरच्या टोकापर्यंतची रुंदी किती धरली होती? तुमच्या मापांच्या वहीत असेल. ती वही कपाटात नाही.


१९ मार्च

बाबा, आणि आत्या,

कार्ड मिळालं. ६४१ हा आकडा फाइलशी तंतोतंत जुळतो. त्याच्याखाली आत्याने लिहिलं आहे: "दादा विचारतो, रेघ मोजली का." आणि त्याच्याखाली उरलेलं सगळं कार्ड भरून:

"आता माझं ऐक. तुझ्या बापाला वर्षभरापासून दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब, असं म्हणतो. वही मी उघडली, पान त्याने तोंडपाठ सांगितलं. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. जरा मोठं अक्षर काढ, मलाही चष्मा आहे. आणि सही हवी, आभार, असं बापाला लिहितात का गं? बँकेतून पत्र आल्यासारखं वाटतं. तुझा राग मला कळतो. वहिनी गेली तेव्हा हा रेघा ओढत बसला, ते मीही त्याला तोंडावर सुनावलं आहे, एकदा नाही, दहादा. पण किती दिवस?"

दिसत नाही हे मला कोणी कळवलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

कार्डातल्या शेवटच्या भागाबद्दल आत्ता लिहीत नाही.

रेघ कोणती, ते मला कळायला दोन तास लागले. नऊ नंबरच्या खणातून मूळ शीट काढली. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा आहेत, एक आडवी, एक उभी. आकडा नाही, अक्षर नाही. मोजल्या. दोन्ही बरोबर दोनशे मिलिमीटर. मग छापील अंकांचा पहिला गठ्ठा उघडला, तेव्हा पहिल्याच अंकात तुमची टीप सापडली: कागद दमट हवेत फुगतो, उन्हात आकसतो, कागदावर विश्वास ठेवू नका, आधी साक्षीची रेघ मोजा, ती दोनशे भरली तरच कापायला घ्या. ती टीप एकदाच छापली होती. पुढे गरज पडली नसावी, कारण वाचक ती एकमेकांना सांगत आले.

फाइलमध्ये त्या रेघा नाहीत. मी काढल्या.

कसं झालं ते सांगते. स्कॅन साफ करणारा प्रोग्रॅम डाग, घड्या, धूळ ओळखतो आणि शंका आली की विचारतो. पाच नंबरच्या शीटवर त्याने विचारलं: ही खूण काढू का? सर्व शीटवरून काढू का? मी एरवी अशा वेळी मूळ शीट काढून बघते. या शीटच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही तारीख घातली आहे, ८ ऑक्टोबर. ती मी वाचली. मला ते शीट पडद्यावर आणखी नको होतं. मी "हो" दाबलं. दोन्ही प्रश्नांना.

घड्याळजींनी फाइल दुकानात नेली. तिथल्या यंत्रात "कागदावर बसवा" हा पर्याय आपोआप चालू असतो. त्याने कडेची जागा सोडण्यासाठी चित्र चार टक्क्यांनी लहान केलं. ६४१ चे ६१५ झाले. साक्षीची रेघ असती तर ती १९२ भरली असती आणि त्यांनी करवत खाली ठेवली असती. आता दोन्ही बाजूंनी सव्वीस सव्वीस मिलिमीटर कमी. ती त्यांची कंबर.

मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "छपाईची सेटिंग वाचकाने बघायची असते. आपण कशाला अंगावर घ्यायचं?" मी म्हणाले, विचार करते.

बाबा, कापलेल्या फासळ्या वाचवता येतील का? फेकून द्यायला सांगायचं नसेल तर काय सांगू?

टॅब्लेट पाठवते. त्यावर आराखडा हवा तेवढा मोठा करून बघता येतो. कडेच्या नजरेलाही पुरेल कदाचित.


६ एप्रिल

बाबा, आत्या,

दुसरं कार्ड मिळालं. "फासळ्या फेकू नका. बाहेरच्या कडेला त्याच लाकडाची पट्टी चिकटवा, जास्तच ठेवा, मग रेषेपर्यंत रंधा मारा." आणि टॅब्लेटबद्दल: "नको. मोठं केलं की ते माप राहत नाही, नुसतं चित्र होतं." त्याखाली आत्याचं: "पाठवू नकोस म्हणतोय तर पाठवू नकोस. मी मात्र बघितला असता."

सर्व ४१२ फाइलमध्ये रेघा परत घातल्या. या वेळी एकेक शीट समोर ठेवून, नऊ दिवस. पाच नंबरचंही. रेघेशेजारी "२०० मिमी, आधी हे मोजा" असं लिहिलं. तुम्ही लिहीत नव्हतात. मला लिहावं लागेल.

शनिवारी घड्याळजींकडे गेले. दुकानाचा पत्ता पाकिटावर होता. तिथे आता फोनची कव्हरं टांगलेली आहेत. नव्या दुकानदाराने वर बोट दाखवलं. ते वरच्या मजल्यावर राहतात, एकटे.

त्यांनी दार उघडलं आणि नाव विचारून म्हणाले, "पत्रावर सही तुमचीच होती ना? या."

होडी मागच्या अंगणात, पत्र्याखाली आहे. कंबर लांबूनही दिसते. मी काही बोलायच्या आत तेच सांगायला लागले.

"तुमचं पत्र आलं तसं मी पुन्हा मोजलं. तीनदा. फासळी कागदाशी बरोबर जुळत होती, केसाचा फरक नाही. पण लांब उभं राहून बघितलं की डोळा म्हणायचा, वाकडी आहे. आता पट्टी म्हणते बरोबर, डोळा म्हणतो चूक. दोघांतलं एक गेलेलं असणार. पट्टी कशी जाईल?"

"म्हणून दुकान बंद केलंत?"

"डोळा गेल्यावर लोकांची घड्याळं उघडू नयेत. लोक विश्वासाने देतात. हत्यारं एका ओळखीच्याला दिली. चांगला आहे तो. वापरेल."

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, दोन प्रश्न, दोन वेळा "हो". सेटिंगचंही सांगितलं, पण ते शेवटी. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर विचारलं, "म्हणजे डोळा बरोबर सांगत होता?"

"हो."

"फेब्रुवारीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ते बराच वेळ होडीच्या कडेवरून हात फिरवत राहिले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "रेघ मला आठवत होती हो. छापील शीटवर असायचीच. या कागदावर दिसली नाही तेव्हा वाटलं, आता कॉम्प्युटरचं आहे, आता लागत नसेल. त्याला कसली साक्ष लागते?" आणि जरा हसले.

मी म्हणाले, हत्यारं परत मागता येतील, मी येते बरोबर. ते म्हणाले, "दिलेलं परत मागायचं? आणि आता मागितली तरी, गेले दोन महिने मी माझ्या डोळ्याला खोटं समजत होतो. उद्या एखादं घड्याळ उघडलं की पुन्हा शंका येणारच. ती शंका काही त्या माणसाकडून परत आणता येत नाही."

तुमचा निरोप दिला, पट्टी चिकटवण्याचा. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, दोनदा वाचला. मग तुमची चौकशी केली. मी म्हणाले, त्यांना आता दिसत नाही. म्हणाले, "अरेरे. आणि तरी त्यांनीच ओळखलं." मला जिन्यापर्यंत सोडायला आले. चहाला थांबा म्हणाले, मी थांबले नाही.

चुकीची सूचना या अंकात पहिल्या पानावर घेतली आहे. संपादकांचा मसुदा "काही वाचकांना अडचण आली असल्यास" असा होता. तो मी बदलला. आता मजकूर असा: "जानेवारीच्या फाइलमधून साक्षीची रेघ मी काढून टाकली. ज्यांच्या फासळ्या जुळल्या नाहीत त्यांची मापं बरोबर होती." खाली माझं नाव. संपादक म्हणाले, "एवढं कोणी विचारलं होतं?" तेही खरं आहे. कोणी विचारलं नव्हतं.


२१ एप्रिल

बाबा,

हे पत्र आत्या वाचते आहे हे धरून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलं आहे. आत्या, मध्ये थांबू नकोस. काही गाळू नकोस. आणि वाचून होईपर्यंत काही बोलू नकोस, बाबांशीही नाही.

८ ऑक्टोबरला दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी बाबांनी मला ऑफिसमधून फोन केला. मी हॉस्पिटलमध्ये आईच्या खोलीबाहेर होते. बाबांनी विचारलं, "मी आत्ता येऊ का?" मी म्हणाले, "आई झोपली आहे. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही. पाच नंबर पुरा करूनच या." बाबांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी म्हणाले, "नक्की."

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. डॉक्टर दुपारभर आलेच नव्हते. आई झोपली नव्हती, तिला श्वास लागत होता, आणि नर्सने मला सांगितलं होतं की घरच्यांना बोलावून घ्या.

आई पाच वीसला गेली. बाबा सहाला आले. मामा माझ्या आधी उठला आणि बाबांना म्हणाला, "कुठे होतात, भावोजी?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बाबांना माहीत होतं. आराखडा पुरा करत होते." दोन वाक्यं. दोन्हींत एकही शब्द तसा खोटा नाही, म्हणून मला ती इतके दिवस बाळगता आली. मामा म्हणाला, "बायको मरते आहे आणि हा रेघा ओढतोय," आणि ते वाक्य सगळ्या घरात गेलं. आत्या, तुझ्यापर्यंतही गेलं. तू दहादा सुनावलंस ते वाक्य माझं आहे.

बाबा, तुम्ही दारात उभे होता. तुम्ही म्हणू शकला असता की मी फोन केला होता. माझ्याकडे पाहिलंत आणि गप्प बसलात. महिन्याभरात आत्याकडे निघून गेलात, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की तुम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. मी असंही ठरवून टाकलं होतं की तुम्ही फोन विसरला असाल. घड्याळजींच्या अंगणात मला कळलं की माणूस आपलंच बरोबर असलेलं माप चूक समजून दुकान मिटवू शकतो. तुम्ही मात्र चूक समजला नाहीत. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही ते माझ्यासाठी अंगावर घेतलंत. असं मी समजते. नसेल तर सांगा.

तसं का बोलले, हे मी आजवर स्वतःला विचारलेलं नाही. आता विचारलं. "येऊ का" असं तुम्ही विचारलंत याचा मला राग आला. आई आत होती आणि तुम्ही परवानगी मागत होतात. मला वाटलं, विचारायचं काय, यायचं. म्हणून नका येऊ म्हणाले, आणि तरीही येतील म्हणून वाट बघत बसले. तीन पन्नास ते पाच वीस, दीड तास. त्या दीड तासात मी आईकडे पाहिलं नाही. लिफ्टच्या दाराकडे बघत होते. नर्सने हाक मारली तेव्हाही मी तिकडेच बघत होते. तुम्ही तिथे नव्हतात असं मी जगाला सांगितलं. मीही नव्हते.

आज सकाळी अकराला मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आता सांगून कोणाला काय मिळणार?" आणि फोन ठेवला. मावशीला उद्या सांगते. ज्यांना ज्यांना मी ते वाक्य ऐकवलं त्यांची यादी केली आहे, सतरा जण आहेत. सगळ्यांना मीच सांगेन. आत्या, तू कोणाला सांगू नकोस, तुझ्या तोंडून ते मऊ होईल.

बाबा, उत्तराचं कार्ड पाठवू नका. तुम्ही त्यात आकडा पाठवाल आणि मी तो जपून ठेवीन, आणि तेवढ्यावर आपलं आणखी दोन वर्षं भागेल.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते. साडेअकरापर्यंत पोचेन. येऊ का, असं विचारत नाही. तुम्ही खोलीतून बाहेर आला नाहीत तर मी बाहेरच्या खोलीत बसेन, संध्याकाळच्या गाडीपर्यंत.

आत्या, दार तू उघड.